विमान उडवणारा माणूस नौदलप्रमुख कसा होतो?

नेव्हीतला पायलट पुढे जाऊन अख्ख्या नेव्हीचा प्रमुख झाला असं वाचलं की बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. आपल्या डोक्यात पायलट म्हणजे एअरफोर्स आणि नेव्ही म्हणजे जहाजं असं पक्कं बसलेलं असतं, मग हा माणूस नक्की कुठला, आणि ज्याने जन्मभर विमान उडवलं त्याच्या हातात जहाजांचा ताफा देतात तरी कसा? प्रश्न रास्त आहे. पण त्याने जन्मभर विमान उडवलेलं नसतं, सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे जे नौदल वैमानिक अगदी वरपर्यंत गेले त्यांनी मधली कितीतरी वर्षं विमान सोडून जहाजावर काढलीत आणि ती काढली नसती तर ते वर पोचलेच नसते. हे नीट कळायला ॲडमिरल अरुण प्रकाश यांचं करिअर समोर ठेवूया, ते २००४ ते २००६ नौदलप्रमुख होते, आणि वाटेत ॲडमिरल ताहिलियानी आणि ॲडमिरल करमबीर सिंग यांनाही भेटू.

आधी व्यवस्था कशी आहे ते बघू. नेव्हीत ऑफिसरांच्या वेगवेगळ्या ब्रँच असतात, इंजिनिअरिंग, इलेक्ट्रिकल वगैरे, आणि त्यातली एक म्हणजे एक्झिक्युटिव्ह ब्रँच. युद्धनौकेची कमांड मिळते ती फक्त या एक्झिक्युटिव्हवाल्यांना. आता या ब्रँचमध्ये आलेला पोरगा पुढे कशात तरी स्पेशलायझेशन करतो, कुणी तोफा म्हणजे गनरी, कुणी नेव्हिगेशन, कुणी कम्युनिकेशन, कुणी पाणबुडी, आणि कुणी विमान. म्हणजे पायलट हा मूळचा एक्झिक्युटिव्ह ऑफिसरच, गनरीवाल्याचा बॅचमेट, एकाच पंगतीत जेवलेला. त्याने फक्त स्पेशलायझेशन वेगळं घेतलं.

खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढली की नेव्हीचं ट्रेनिंग, मग ट्रेनिंग शिपवर समुद्र, मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, म्हणून डेक घासण्यापासून सगळं. त्यानंतर येतं ब्रिज वॉचकीपिंग सर्टिफिकेट. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जहाज चोवीस तास चालतं पण कॅप्टन चोवीस तास ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, उभा राहू शकत नाही, तो खाली झोपलेला असताना रात्री दोन वाजता समोरून मच्छीमार बोटींचे दिवे दिसतायत, एक मोठं व्यापारी जहाज आडवं येतंय, अशा वेळी वळायचं कधी, किती, कुणाला वाट द्यायची, कॅप्टनला उठवायचं की नाही, हे जो ठरवतो तो ऑफिसर ऑफ द वॉच. त्या चार तासांत दीडदोनशे माणसांचा जीव त्याच्या हातात असतो. हे काम याला एकट्याला देता येईल असं कॅप्टनने लिहून दिलं की मिळतं ते सर्टिफिकेट. पुढे पायलट होणार असला तरी हा समुद्राचा पाया चुकत नाही.

मग फ्लाइंग. सुरुवातीचं उडायचं शिक्षण नेव्हीची मुलं वर्षानुवर्षं एअरफोर्सकडेच घेत आलीत, मग ज्याचा जसा कल आणि जशी गुणवत्ता तसे तीन रस्ते फुटतात: फायटर, हेलिकॉप्टर किंवा लांब पल्ल्याची टेहळणी विमानं. हेलिकॉप्टरवाले तमिळनाडूत अरक्कोणमला, फायटरवाले गोव्यात. गोव्याला गेलेल्या प्रत्येकाने दाबोळीचा विमानतळ पाहिलाय, तो मुळात नेव्हीचा तळ आहे, आयएनएस हंसा. हा तळ आधी तमिळनाडूत सुलूरला होता, १९६४ मध्ये दाबोळीला आला, आणि तेव्हापासून नेव्हीच्या फायटर पायलटांचं घर म्हणजे गोवा. जवळच बोगमाळ्याला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, बीचवर जाताना बाजूने निघून जाऊ नका, तिथे सी हॉक आणि सी हॅरियर ही नेव्हीची जुनी फायटर विमानं दोन्ही उभी आहेत. सी हॉकच्या शेजारी उभं राहिलं की कळतं की ते केवढंसं विमान होतं, आणि एवढ्याशा विमानात बसून हलत्या जहाजावर उतरणारी माणसं कशी असतील.

त्या उतरण्याबद्दल थोडं थांबून बोलायलाच पाहिजे. आपली पहिली विमानवाहू नौका, म्हणजे जुनी विक्रांत, साधारण २१३ मीटर लांब, आणि त्यातली उतरायची तिरकी पट्टी त्याहून लहान. जहाज पुढे चाललंय, वरखाली होतंय, कलतंय. विमानाच्या शेपटीखाली एक हूक, डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारा, त्या हुकाने त्यातली एक तार पकडायची आणि विमान काही क्षणांत थांबायचं. आता चाकं डेकला टेकली की पायलट काय करत असेल? आपल्याला वाटतं ब्रेक मारत असेल. नाही, तो इंजिनची पूर्ण पॉवर लावतो! कारण हुकाला तार सापडली नाही तर पुढच्या काही सेकंदांत डेक संपतो आणि विमानाला परत उडावंच लागतं, ब्रेकवर पाय ठेवला असेल तर थेट समुद्रात. तार सापडली हे अंगाला हिसका बसल्यावरच कळतं. म्हणजे प्रत्येक वेळी उतरताना मनाची तयारी उडायची ठेवायची. १८ मे १९६१ ला विक्रांतच्या डेकवर पहिल्यांदा जेट उतरवलं ते लेफ्टनंट राधाकृष्ण हरीराम ताहिलियानी यांनी, विक्रांत नौदलात येऊन तेव्हा अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते. हेच ताहिलियानी पुढे विक्रांतचे कॅप्टन झाले आणि डिसेंबर १९८४ मध्ये नौदलप्रमुख. ते प्रमुख असतानाच १२ मे १९८७ ला ब्रिटनकडून घेतलेली दुसरी विमानवाहू नौका, विराट, आपल्या नौदलात दाखल झाली. पहिल्या नौकेवर पहिलं जेट उतरवणारा लेफ्टनंट दुसरी नौका येते तेव्हा प्रमुखाच्या खुर्चीत, मला हा योग फार मोठा वाटतो आणि याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही.

आता अरुण प्रकाश. खडकवासल्याचेच, १९६६ च्या सुरुवातीला कमिशन, पुढच्या दोनेक वर्षांत पायलट, फायटरवाले. १९७१ चं युद्ध सुरू झालं तेव्हा हा नेव्हीचा लेफ्टनंट कुठे होता? विक्रांतवर नव्हता. विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, तिची सी हॉक विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करत होती, आणि अरुण प्रकाश मात्र एअरफोर्सच्या २० नंबर स्क्वाड्रनमध्ये हंटर विमान उडवत होते, कारण दोन दलं आपापले पायलट काही काळासाठी एकमेकांकडे पाठवतात. विंग कमांडर सेसिल पार्कर यांच्या हाताखाली त्यांनी पार रावळपिंडीजवळच्या चकलाला तळावर हल्ला केला. समुद्रापासून इतक्या लांब लढून या नेव्हीवाल्याने वीर चक्र मिळवलं. तिथे आणखी एक किस्सा घडला. आवाजाच्या वेगापलीकडे पहिल्यांदा विमान नेणारे अमेरिकेचे चक येगर तेव्हा पाकिस्तानात अमेरिकन अधिकारी म्हणून होते, त्यांचं छोटं बीचक्राफ्ट विमान त्या तळावर उभं होतं आणि ते भारतीय हल्ल्यात जळालं. अरुण प्रकाश यांनी स्वतः नंतर यावर लिहिलंय.

आता कुणालाही वाटेल की वीर चक्र मिळवलेला फायटर पायलट म्हणजे आता त्याने फक्त विमानच उडवावं, देशाला तेच हवं. पण नेव्हीत तसं होत नाही. काही वर्षं स्क्वाड्रन, मग जहाज, परत स्क्वाड्रन, परत जहाज, असा हा प्रवास चालतो. आणि हे बोलायला सोपं आहे, करायला फार अवघड. फ्लाइंग ही अशी विद्या आहे की सोडली की गंजते, डेकवर उतरायची सवय तर फारच लवकर जाते, म्हणून जहाजावरून दीडदोन वर्षांनी परत आलेल्या पायलटाला पुन्हा सराव करून, पुन्हा पात्रता सिद्ध करूनच उडता येतं, आणि तोवर त्याच्याहून ज्युनियर पोरं हवेत त्याच्या पुढे गेलेली असतात. तिकडे जहाजावर गेला की उलटं, तिथले बॅचमेट गेली सगळी वर्षं ब्रिजवर घालवून तयार झालेले, त्यांना प्रत्येक बंदराचं तोंड पाठ, आणि हा मधूनच येणार, लोक बघणार की पायलटसाहेबांना जमतंय का. दोन्हीकडे पाहुण्यासारखं, आणि दोन्हीकडे कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट मात्र पूर्ण वेळ काम करणाऱ्यांच्या तोडीचा पाहिजे. वरच्या रँकला सिलेक्शन बोर्ड बसतं तेव्हा ते विचारतं की समुद्रावर किती काळ काढला, जहाजाची कमांड केली का, कशी केली. हवेत कितीही हुशार असा, सी कमांड नसेल तर या मुख्य रस्त्यावर पुढे जाता येत नाही.

म्हणून खूप चांगले पायलट मध्येच ठरवतात की आपल्याला उडायचंच आहे, वर नाही गेलो तरी चालेल. हा काही कमी दर्जाचा रस्ता नाही हे इथे ठासून सांगायला हवं. ११ जानेवारी २०२० ला स्वदेशी नौदल तेजस विमान पहिल्यांदा विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवलं ते कमोडोर जयदीप मावळणकर यांनी, ते टेस्ट पायलट होते. जे विमान आजवर कुठल्याच जहाजावर उतरलेलं नाही ते पहिल्यांदा उतरवायचं, ही जबाबदारी एखाद्या जहाजाच्या कमांडपेक्षा लहान कोण म्हणेल? पण ताफ्याचा प्रमुख व्हायचं असेल तर वाट ब्रिजवरूनच जाते.

अरुण प्रकाश यांनी दोन्ही वाटा सांभाळल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सी हॉक म्हातारी झाली होती आणि नेव्हीने ब्रिटिश सी हॅरियर घेतलं. हे विमान वेगळंच प्रकरण, जहाजाच्या बाजूला येऊन हवेत जागच्या जागी थांबायचं, मग आडवं सरकत डेकच्या वर यायचं आणि सरळ खाली उतरायचं. ऐकायला हूकपेक्षा सोपं वाटतं. पण हवेत थांबलेलं विमान पंखांवर नाही तर निव्वळ इंजिनच्या जोरावर तोललेलं असतं, आणि इंजिन तापू नये म्हणून त्यात पाणी सोडावं लागतं, ते पाणी पुरतं साधारण दीड मिनिट. आपल्या उकाड्यात हवा विरळ, इंजिनची ताकद कमी, म्हणजे वजनाचा हिशोब आणखी काटेकोर. उतरताना इंधन जास्त उरलं तर विमान जड होऊन तोलता येत नाही, कमी उरलं तर दुसरी संधी नाही. या विमानाची पहिली भारतीय तुकडी, ३०० नंबर स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स, तिची कमांड अरुण प्रकाश यांच्याकडे दिली, आणि डिसेंबर १९८३ मध्ये ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत पहिली तीन सी हॅरियर दाबोळीला उतरली. नंतर तेहतीसेक वर्षं ही विमानं गोव्याच्या आभाळात होती, २०१६ मध्ये निवृत्त झाली.

आणि यानंतर परत समुद्र. एकूण चार युद्धनौकांची कमांड त्यांनी केली, त्यातली शेवटची मोठी म्हणजे विराट. इथे पायलट असण्याचा उपयोग कसा होतो ते बघा. विमानवाहू नौकेवरून विमान उडवायचं किंवा उतरवायचं तर जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात हाकावं लागतं, म्हणजे जहाजाचा वेग अधिक वाऱ्याचा वेग मिळून विमानाच्या पंखांना आयता वारा मिळतो. वारा पडलेला असेल आणि जहाजही हळू असेल तर भरलेलं विमान उडणारच नाही. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, वेगावर मर्यादा आली होती, आणि अशा वेगात विमानं उडतील का यावरच आधी केवढी चिंता होती. हा हिशोब कॉकपिटमध्ये बसून अंगावर घेतलेला माणूस ब्रिजवर उभा असेल तर आत्ता वळावं की दोन मिनिटं थांबावं हे त्याला शिकवावं लागत नाही. हवेत इंधन संपत आलेल्या पोराच्या मनात काय चाललंय हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

मग पायलटालाच का नाही करत दरवेळी विमानवाहू नौकेचा कॅप्टन? अमेरिकेत तसंच आहे, १९२६ पासून तिथे कायदाच आहे की विमानवाहू नौकेचा कमांडर हवाई शाखेतलाच पाहिजे. त्याचा परिणाम भारी झाला, वयस्कर कॅप्टन मंडळी उडायला शिकायला गेली. अर्नेस्ट किंग यांनी १९२७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वैमानिकाचे विंग्ज मिळवले, पुढे दुसऱ्या महायुद्धात ते अख्ख्या अमेरिकन नौदलाचे प्रमुख. विल्यम हॅल्सी यांनी तर १९३५ मध्ये बावन्नाव्या वर्षी मिळवले. ब्रिटनने याच्या उलट केलं, १९१८ मध्ये नेव्हीची विमानं काढून नव्या रॉयल एअरफोर्सला देऊन टाकली आणि १९३९ पर्यंत ती पूर्णपणे परत आली नाहीत, त्यामुळे युद्ध लागलं तेव्हा ब्रिटिश नौदलात वरच्या खुर्च्यांवर विमान कळणारी माणसं फारच कमी. आपण मधला मार्ग घेतला. आपल्याकडे कॅप्टन पायलटच पाहिजे असा नियम नाही, अरुण प्रकाश यांच्या आधीचे प्रमुख माधवेंद्र सिंग गनरीचे होते आणि त्यांनीही विराटची कमांड केली होती. पण पायलटाला समुद्राचा अनुभव मात्र सक्तीचाच. माझ्या मते हे जास्त बरं, कारण यातून पायलटाला फक्त विमानवाहू नौकाच नाही तर पूर्ण ताफा, तळ, माणसं, सगळंच सांभाळायची तयारी होते.

वरच्या पायऱ्यांवर तर विमान जवळजवळ सुटतंच. रिअर ॲडमिरल म्हणून अरुण प्रकाश यांनी विशाखापट्टणमच्या पूर्व ताफ्याची कमांड केली, मग जिथे शिकले त्याच एनडीएचे ते कमांडंट झाले, आणि २००१ मध्ये अंदमान निकोबार कमांड स्थापन झाली तिचे पहिले कमांडर इन चीफ. ही देशातली पहिली अशी कमांड जिथे तिन्ही दलं एकाच माणसाच्या हाताखाली, म्हणजे १९७१ ला एअरफोर्सच्या स्क्वाड्रनमध्ये राहून आलेला माणूस इथे बसवणं किती योग्य होतं बघा. ३१ जुलै २००४ ला नौदलप्रमुख झाले आणि पाच महिन्यांत, २६ डिसेंबरला, त्सुनामी आली. कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त झाला, तमिळनाडूचा किनारा, अंदमान, शिवाय श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया, सगळीकडे एकदम मदत न्यायची होती. जहाज कुठवर जाईल, हेलिकॉप्टर कुठून उडेल, बेटावरची धावपट्टी गेली तर पुढे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ज्याच्या एका आयुष्यात होती तोच त्या वेळी प्रमुख होता.

त्यांच्या काळात एप्रिल २००५ मध्ये कोचीला नव्या विक्रांतसाठी पहिलं पोलाद कापलं गेलं, त्यांच्यानंतर आलेले सुरीश मेहता हेही सी हॉकचे पायलट आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांच्याच काळात तिचा कणा रचला गेला. नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ ला, शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट असलेला नवा ध्वज त्याच दिवशी फडकला. सतरा वर्षं लागली. एवढा लांबचा प्रकल्प रेटायचा तर विमानवाहू नौका कशाला लागते हे आतून माहीत असलेला माणूस निर्णयाच्या टेबलावर असणं याला किंमत आहे.

आणि तो फायटरवालाच असायला हवा असंही नाही. ॲडमिरल करमबीर सिंग, २०१९ ते २०२१ नौदलप्रमुख, हे हेलिकॉप्टरचे पायलट, चेतक आणि कामोव्ह उडवलेले, आणि शाळा आपल्या नाशिकजवळ देवळालीची बार्न्स. हेलिकॉप्टर पायलट प्रमुख होण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या करिअरमध्येही तेच दिसतं, विजयदुर्ग, राणा, दिल्ली अशा नौकांची कमांड, आधी कोस्ट गार्डची चांदबीबी.

हे सगळं कळलं की मुलींच्या बाबतीत अडलं कुठे होतं तेही कळतं. नेव्हीत बायका ऑफिसर १९९० च्या दशकापासून आहेत, पण युद्धनौकेवर नेमणूक जवळपास नव्हतीच, आणि सी टाइम, म्हणजे समुद्रावर काढलेला काळ, नाही म्हणजे कमांड नाही, कमांड नाही म्हणजे या शिडीची पहिली पायरीच गायब. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने नौदलात परमनंट कमिशनचा निकाल दिला, त्याच सुमारास जहाजांवर नेमणुका सुरू झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये सब लेफ्टनंट शिवांगी नेव्हीची पहिली महिला पायलट झाली, डॉर्नियर या टेहळणी विमानावर. २०२३ च्या अखेरीस लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकतच्या कमांडसाठी निवड झाली, युद्धनौकेची कमांड मिळालेल्या त्या पहिल्या महिला. जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पुनिया फायटरच्या प्रवाहात आल्या. कमिशनपासून प्रमुखपदापर्यंत अरुण प्रकाश यांना साडेअडतीस वर्षं लागली, करमबीर सिंग यांना जवळपास एकोणचाळीस, तेव्हा आज विंग्ज लावणारी मुलगी त्या खुर्चीच्या शर्यतीत असेल ती २०६० च्या आसपास, आणि तोवर तिच्या लॉगबुकइतकंच तिचं वॉचकीपिंग सर्टिफिकेट आणि तिने कमांड केलेली जहाजं बघितली जातील.